कलशाखालचे कडे

निंबा मिस्त्रीच्या आधी ज्याने त्या लाल मोटारीची गिअरबॉक्स उघडली होती, तो धुळ्याचा वना सध्या धुळ्याच्याच तुरुंगात होता. गावच्या माणसाची सोय सरकारने गावातच केली, असे रावसाहेब तोताराम बैठकीत म्हणत, आणि बैठक हसत असे. वनाचा अपराध असा, की त्याने खोललेले भाग परत मोजले तेव्हा दांड्याभोवती बसणारा एक पितळी बुश कमी भरला. तो झिजून चुऱ्यात गेला, आता तो तेलात शोधावा लागेल, असे वनाने सांगितले. ते खरेही होते. परंतु रावसाहेब मानद मॅजिस्ट्रेट होते, आणि तेलात विरघळलेले सत्य ग्राह्य धरण्याची तरतूद त्यांच्या वाचनात नव्हती. फिर्यादी आपणच असल्यामुळे ते त्या दिवशी न्यायासनावर बसले नाहीत. न्यायाच्या शुचितेची एवढी चाड त्यांना होती. त्यांनी शेजारच्या खुर्चीतल्या स्नेह्याला बसवले, आणि निकालानंतर त्याच स्नेह्यासाठी फैजपूरच्या मळ्यात भरीत-पुरीची पंगत मांडली.

निंबा ती पंगत विसरला नव्हता, कारण वांगी भाजायला काट्याकुट्या जाळल्या गेल्या त्या जागी, केळीच्या बांधाला टेकून, त्याला त्याच मोटारीचे काम सांगण्यात आले होते. नाही म्हणण्याची सोय नव्हती. जळगावच्या ज्या जिनिंग कारखान्यात तो फिटर होता, त्याचे मालक त्याच पंगतीत रावसाहेबांच्या उजव्या हाताला बसले होते आणि त्याच्या वतीने आनंदाने होकार देत होते.

मोटार दोन माणसांची, बुटकी, लांब नाकाची. विलायतेला परत जाणाऱ्या एका गोऱ्या अंमलदाराकडून रावसाहेबांनी ती घेतली, ती मुलासाठी. भाईदास पुण्याच्या कॉलेजात दोन वर्षे राहून आला होता आणि तेथून त्याने विद्या म्हणून एकच गोष्ट आणली होती: मोटार जोरात हाकणे. सपाट रस्त्यावर ती उत्तम धावे. उतार लागला की तिसरा गिअर आपोआप सुटे. यात काय भ्यायचे, हे ज्याने त्या काळची गाडी हाकली नाही त्याला सांगावे लागते. उतारावर त्या गाड्यांना ब्रेक धरून ठेवत नसे. तारांनी ओढले जाणारे ते ब्रेक घाटाच्या दुसऱ्या वळणालाच तापून निकामी होत. गाडीला धरी तो गिअर. दातेरी चाक दातेरी चाकात अडकलेले असेतोवर इंजिन तिला मागे ओढी. दाते सुटले की गाडी मोकळी. मग ती दगडासारखी खाली जाई, आणि पळत्या गाडीत तो गिअर पुन्हा घालणे भाईदासच्या विद्येत बसत नव्हते.

निंबाने बॉक्स उतरवून ती सारी खोलली. गिअर सरकवणारा वाकलेला फोर्क सरळ केला, दात्यांची तुटकी टोके दगडाने घासून गोल केली, बेअरिंगे नवी घातली. मूळ रोग मात्र त्याला खालच्या दांड्याच्या टोकाला सापडला. तो दांडा आणि बॉक्सची भिंत यांच्यामध्ये काशाचे एक कडे असते, बांगडीएवढे. दांडा जागच्या जागी राहतो तो त्या कड्यामुळे. जुने कडे कागदासारखे पातळ झाले होते, म्हणून दांडा सरके आणि दाते सुटत. मुंबईत मोडीत निघालेल्या तशाच एका गाडीतून दोन कडी आली. लागणार होते एकच, आणि ते बरे झाले, कारण दुसऱ्याला केसाएवढी चीर होती. ती डोळ्यांना दिसत नसे. निंबा प्रत्येक कडे बोटावर अधांतरी धरून पान्याने हलकेच ठोकी. एक कडे गायले. दुसरे, फुटक्या मडक्यासारखे, नुसते बोलले.

येथे निंबाविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे: तो नम्र नव्हता. आपल्या हातून चूक होत नाही असे त्याचे मत होते, आणि ते मत त्याने एका पद्धतीवर उभे केले होते. त्याच्याजवळ शिसवीचा एक चौकोनी ट्रे होता. उघडलेल्या यंत्राचे भाग तो त्यात मांडी: उजवीकडे चांगले, डावीकडे टाकाऊ. ट्रे हलत नाही, तो कायम माझ्यासमोर असतो, म्हणून माझे चुकत नाही, असे तो कारखान्यातल्या पोरांना ऐकवी. रावसाहेबांच्या घरात वस्तू कायम कोणासमोर असावी लागते, याचा त्याने विचार केला नव्हता.

ते एकोणीसशे अडतीस साल होते आणि नवरात्र चालू होते. दसऱ्याला विजय मुहूर्तावर मोटार निघावी, पहूरच्या पुढे फर्दापूरजवळ निजामाच्या हद्दीत शिरावी, अजिंठ्याचा घाट चढून उतरून परत यावी, म्हणजे खरेखुरे सीमोल्लंघन होईल, अशी कल्पना रावसाहेबांना सुचली. पूर्वजांनी ज्या सीमा ओलांडल्या त्या तलवारीने. त्यांच्या वंशजांना तेवढीच कीर्ती पेट्रोलवर मिळणार होती. अष्टमीला त्यांच्या पत्नी बेबाअक्का म्हणाल्या, बॉक्स बंद होण्याआधी आतल्या भागांची पूजा झाली पाहिजे. एकदा झाकण लागले की देवीची दृष्टी आत कशी पोचणार? हा प्रश्न निरुत्तर करणारा होता. निंबाने देवघराच्या उंबऱ्यावर ट्रे ठेवला. आत जाण्याचा त्याला अधिकार नव्हता. अक्कांनी तो उचलून आत नेला, हळद-कुंकू वाहिले, आणि आतूनच विचारले,

"निंबाभाऊ, भाईदाससाठी मी वेगळा कलश मांडतेय. तांब्या डुगडुगतोय. यातलं बिनकामाचं एखादं कडं आहे का, त्याच्या बुडाखाली ठेवायला? यंत्राचंच असलं म्हणजे देवी यंत्राला सांभाळेल."

"डाव्या अंगाचं घ्या अक्का," निंबा बाहेरून म्हणाला. "ते टाकायचंच होतं."

ट्रे परत आला तेव्हा त्यात एक कडे होते, हळदीने माखलेले. निंबाने ते रॉकेलमध्ये धुतले, बोटावर धरले आणि ठोकले. नेमक्या त्याच वेळी अंगणात सनई-चौघडा सुरू झाला. कडे काय बोलले ते त्याला ऐकू आले नाही. त्याने पुन्हा ठोकले. पुन्हा चौघडाच ऐकू आला. पण कडे उजव्या बाजूचे होते, आणि ट्रे कधी चुकत नव्हता. त्याने कडे घातले, दांडा बसवला, झाकण आवळले. नवमीला बॉक्स गाडीवर चढली. मग रीतीप्रमाणे त्याची सारी हत्यारे धुऊन, दोरा गुंडाळून पाटावर मांडली गेली. दसरा मावळेपर्यंत त्यांना हात लावायचा नव्हता.

दसऱ्याला दुपारी नशिराबादहून निंबाचे वडील आले. लोटन सुतारांनी जन्मभर बैलगाड्या बांधल्या होत्या, आणि त्यांच्यामुळेच या गोष्टीत भीती शिरली. त्या बाजूला रीत अशी होती: नव्या गाडीच्या पहिल्या फेरीत बांधणाऱ्याच्या घरचे माणूस गाडीत बसते, आणि बांधणारा स्वतः धन्याच्या दारात उभा राहतो, गाडी परत येईपर्यंत. गाडी मोडली तर एक गाडीबरोबर जातो आणि दुसरा दारात सापडतो. धन्याच्या दृष्टीने ही रीत निर्दोष होती, म्हणून रावसाहेबांनी ती मोटारीलाही लावली. लोटनआबांना तर तो सन्मान वाटला. नवा फेटा बांधून ते लाल मोटारीभोवती फिरत होते, जणू बाजारात बैल पारखायला आले आहेत.

"हाई गाडी खाते काय?" त्यांनी भाईदासला विचारले.

"पेट्रोल खाते, आबा."

"आन् शेन?"

"धूर देते."

"मंग कसानी गाडी! धूरवर काय गोवऱ्या थापता येतीन?" आबांनी हसून निंबाकडे पाहिले. "मी बठ्ठी जिंदगी बैलनी गाडीमा बसनू रे. आज बिनबैलनी शे. उलटनी तरी बैल ते वाचतीन!"

जमलेली मंडळी हसली. निंबाही हसला, कारण त्या घटकेपर्यंत त्याला भ्यायचे कारण नव्हते. त्याला देवघराच्या उंबऱ्याशी बोलावले होते, मिस्त्री म्हणून कपाळाला टिळा लावून घ्यायला. तो तेथे वाकून उभा असताना एक बाई आपट्याच्या पानांचे तबक घेऊन आली. अक्कांनी ते उंबऱ्यावर घेतले, आत पाऊल टाकता टाकता हातातल्या हातात अर्धा फेरा फिरवले, आणि आणणाऱ्याकडची बाजू देवीकडे करून पाटावर ठेवले. मागून नारळांचे तबक आले. तेही फिरले. त्या घरात देवापुढे जाणारी प्रत्येक वस्तू अशीच फिरत असे. अक्कांच्या सासूनेही तसेच केले होते, आणि त्याचे कारण कोणी विचारले नव्हते.

टिळ्याचे बोट कपाळाला टेकले तेव्हा निंबाला कळले. ट्रेही फिरला होता. डावे उजवे झाले होते.

समोर, देवीच्या पायाशी, भाईदासचा कलश होता. पाण्याने भरलेला तांब्या, त्यावर पाने, नारळ. त्याच्या बुडाखालून काशाच्या कड्याची कोर दिसत होती, कुंकवाने लाल झालेली. ते कडे तडकलेले असेल, तर सारे ठीक होते. अक्कांनी त्या दिवशी एखादे वेळी ट्रे फिरवलाही नसेल. ते सलग असेल, तर तडकलेले गाडीच्या पोटात होते. घाटाच्या उतारावर दांड्याचा सारा रेटा त्याच्यावर येणार होता, ते दुभंगणार होते, तिसरा गिअर सुटणार होता, आणि शेजारच्या आसनावर त्याचा बाप असणार होता. कळण्याचा मार्ग एकच: कलश उचलायचा, कडे बोटावर धरायचे आणि ठोकायचे. पाण्याच्या ओझ्याखाली कोणतेही कडे गात नाही.

"अक्का," तो म्हणाला, "तो कलश घटकाभर बाजूला घेता का? त्या कड्याला एकदा हात लावायचाय."

बेबाअक्कांनी कलशापुढे हात आडवा धरला. "निंबाभाऊ, असं अभद्र बोलू नका. माझ्या लेकासाठी मांडलाय तो. गाडी दारात येईपर्यंत तो हलायचा नाही."

"अक्का, लेकासाठीच म्हणतोय."

त्या घाबरल्या, पण घाबरलेल्या माणसाने विद्वानाला विचारावे अशी त्या घरची शिस्त होती. गिरधरशास्त्री बैठकीत तांबूल खात होते. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या, म्हणजे एक ऐकली, आणि डोळे मिटले. चार वेद नाही तरी चार पोथ्या त्यांनी पाठ केल्या होत्या. त्या पाठ केल्यामुळे त्या वाचण्याची गरज त्यांना पुन्हा पडली नव्हती. "प्रतिष्ठित कलश," ते म्हणाले, "उत्तरपूजेवाचून हलवू नये. आणि यजमान प्रवासाला निघताना उत्तरपूजा करणे म्हणजे रक्षणकर्तीलाच निरोप देणे. अर्थात हलवता येत नाही." निर्णय शुद्ध होता. ज्या धातूने भाईदासचा जीव वाचायचा, तो धातू भाईदासच्या जिवासाठीच जखडून ठेवला गेला होता, आणि या रचनेत शास्त्राला कोठेही खोट काढता येत नव्हती.

निंबा बाहेर आला. रावसाहेब पायऱ्यांवर उभे होते, त्यांच्यामागे दाराशी कचेरीचा शिपाई. शिपायाकडे पाहताच निंबाला वना आठवला: कोर्टाच्या व्हरांड्यात बसलेला, तळहात उघडे ठेवून, जणू बुश अजून तेथे सापडेल. काय सांगायचे? चुकीचे कडे आत गेले असेल, असे? मग बरोबरचे कोठे आहे, हा पुढचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर होते: बाहेर. रावसाहेबांच्या न्यायात वस्तू नुसती बाहेर सापडणे पुरेसे होते. निंबा नमस्कार करून पायऱ्या उतरला. त्याला लाज वाटली नाही. भीतीने तेवढी जागाच ठेवली नव्हती.

तो गाडीकडे गेला. आबा आसनावर चढून बसले होते आणि दोन्ही हातांनी दार धरून पाहत होते.

"आबा, आज नका बसा."

"कसाले?"

"मना जीव घाबरी राह्यना."

"तुना जीव!" आबा मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असे. "लगीनमा बी तू असाच घाबरेल व्हता. पन नवरी ते चांगलीच निघनी ना?" हशा झाला. मग त्यांनी आवाज उतरवला. "मिस्त्रीना बाप गाडीतून उतरना, ते लोके काय म्हनतीन? तुनं कामवर थुकतीन. उतरू ते कसा उतरू?"

"माले वाटस, तडकेल कडं मधमा गये."

आबांच्या तोंडावरचे हसू तसेच राहिले, पण डोळ्यांतून ते गेले. "वाटस, का खरंच शे?"

"म्हाईत नही."

"मंग जाय," म्हातारा हळू म्हणाला, "आन् म्हाईत करी ये."

भाईदासने हँडल मारले. इंजिन जागे झाले. शास्त्रीबुवांनी पंचांग काढून विजय मुहूर्त लागल्याचे सांगितले. एका बाईने चाकाखाली लिंबू ठेवले. निंबा पुन्हा अंगण ओलांडू लागला, आणि ते अंगण त्याला कारखान्याच्या पटांगणाएवढे मोठे वाटले. कोणी अडवले नाही. कोणी अडवावे अशी त्याची मनातून फार इच्छा होती. आपण उंबऱ्याशी थांबू, आपल्याला ओरडून हाकलतील, मग आपल्या हातात काही राहणार नाही, अशी एक अतिशय गोड आशा त्याच्याबरोबर चालत होती. उंबऱ्याशी अक्का उभ्या होत्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिले, आणि काय वाटले कोणास ठाऊक, त्या बाजूला झाल्या. आईच्या भीतीला शास्त्रीबुवांचा निर्णय पुरला नव्हता.

निंबाने उंबरा ओलांडला. दोन्ही हातांनी कलश उचलला. पाणी हिंदकळले, पण सांडले नाही. कलश त्याने शेजारच्या तांदळावर टेकवला. कडे उचलून करंगळीत अडकवले. हत्यारे दोऱ्यात होती, म्हणून त्याने पूजेची पळी घेतली आणि एकदा, हलकेच, ठोकली.

कडे गायले.

तो आवाज देवघरातून बाहेर आला, अंगणावरून गेला आणि इंजिनाच्या धडधडीवरही स्पष्ट ऐकू आला. लांब, सलग, गोड, कोठेही न तुटलेला. अंगणातल्या लोकांना वाटले, देवीची घंटा झाली. फेट्यांची डोकी लवली. बायकांनी हात जोडले. रावसाहेबांनीही, मानद मॅजिस्ट्रेट असूनही, छातीशी हात नेले. "शुभशकुन!" शास्त्रीबुवा म्हणाले. इतका निर्दोष स्वर निंबाने यापूर्वी कधी ऐकला नव्हता, आणि तो ऐकताना त्याला आपला बाप दरीत दिसत होता.

"थांबवा!" तो ओरडत बाहेर आला. कडे त्याच्या बोटात होते. "गाडी थांबवा! चांगलं कडं हे आहे. तडकलेलं आत गेलंय. उतारावर फुटेल, गिअर सुटेल. भाईदासभाऊ, घाटात नेऊ नका!"

रावसाहेब पायऱ्या उतरून आले आणि त्यांनी त्या बोटाकडे पाहिले. त्यांना राग आला नव्हता. कायद्याच्या माणसाला पुरावा हाती लागला की राग येत नाही.

"माझ्या मोटारीचं चांगलं कडं," ते शांतपणे म्हणाले, "तुझ्या हातात आहे."

"मी स्वतःच ते—"

"आणि खराब कडं मोटारीत आहे. हे तू सर्वांसमक्ष बोललास. वनासुद्धा इतकं स्पष्ट बोलला नव्हता." त्यांनी मान वळवली. "शिपाई."

"रावसाहेब, मला न्यायचं तर न्या. पण बॉक्स उघडू द्या. एक दिवस."

"मुहूर्त एक दिवस थांबत नाही. शास्त्रीबुवा, आत्ताचा तो आवाज, त्याचा अर्थ काय?"

"साक्षात कौल," शास्त्रीबुवा म्हणाले. "देवीने प्रस्थानाची आज्ञा दिली."

"भाईदास, निघ."

भाईदासचा हात गिअरच्या दांड्यावर होता आणि तो हलत नव्हता. तो निंबाच्या बोटाकडे पाहत होता. परंतु बापाला नाही म्हणणे हा विषय पुण्याच्या कॉलेजात शिकवत नसत. त्याने क्लच दाबला. तेवढ्यात शेजारचे दार उघडले आणि लोटनआबा, एका हाताने फेटा सावरत, खाली उतरले. ते सावकाश उतरले, जसे बाजार पोचल्यावर माणूस गाडीतून उतरतो. गाडीपुढे जाऊन त्यांनी चाकाखालचे लिंबू उचलले.

"काशाना आवाज मी वळखस," ते रावसाहेबांना म्हणाले. "बैलगाडीना आखनी पुंगळी मी असाच ठोकी ठोकी घेयेल शे. मना पोऱ्या खरं बोलस. मी नही बसाव."

"तुम्ही बसणार नाही?"

"नही बसाव, धनी. आन् मिस्त्रीनं मानूस बसनं नही, ते पहिली फेरी होत नही. रीत तुम्हनीच शे."

हे खरे होते, आणि अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. कुजबूज झाली. असल्या गाडीला पुढे जन्मभर बट्टा लागतो. रावसाहेबांनी रीत लावली होती ती लोटनसाठी. ती आपल्यालाही लागू होईल हा तिचा भाग त्यांनी वाचला नव्हता. त्यांनी सभोवार पाहिले, आणि त्यांना उपाय दिसला.

"शास्त्रीबुवा, तुम्ही बसा. कौल तुम्हांलाच कळला. देवीचं माणूस मिस्त्रीच्या माणसापेक्षा मोठं."

गिरधरशास्त्र्यांनी मोटारीकडे पाहिले. लाल, बुटकी, थरथरणारी. मग उतरत्या सावलीकडे पाहिले, पंचांग उघडले, एक पान पुढे आणि एक मागे उलटले. त्यांच्या ओठांवर तांबूल सुकला होता.

"अरेरे," ते म्हणाले. "या बोलाचालीत विजय मुहूर्त टळला."

त्या दिवशी मोटार निघाली नाही. विद्वत्तेने त्या दसऱ्याला केलेले हे एकमेव सत्कृत्य होते, आणि ते भीतीपोटी झाले म्हणून कमी मोलाचे मानायचे कारण नाही.

निंबावर खटला झाला. रावसाहेब याही वेळी न्यायासनावर बसले नाहीत. कडे चिठ्ठी बांधून मुद्देमाल म्हणून टेबलावर ठेवले होते, कड्यावर अजून कुंकू होते. बॉक्स उघडून आतले कडे पाहावे, असे निंबाने विनवले. न्यायमूर्ती स्नेह्यांनी उत्तर दिले की प्रश्न बाहेरच्या कड्याचा आहे, आतल्याचा नव्हे. मागच्या बाकांवर कुजबूज वाढली तेव्हा कारकुनाने शांततेसाठी हाताशी होते तेच उचलले. चिठ्ठीच्या दोऱ्याने ते अधांतरी धरले आणि रुळाने ठोकले. कडे गायले. कोर्ट शांत झाले. बचावाची संपूर्ण साक्ष त्या एका स्वरात झाली होती. मागच्या बाकावर लोटनआबांनी कानाशी हात नेला. बाकी सर्वांनी ती केवळ शांतता म्हणून ऐकली. मग शिक्षा सांगण्यात आली.

मुद्देमाल सरकारजमा झाला, म्हणून ते कडे मोटारीत कधी गेले नाही. बट्टा लागलेली गाडी रावसाहेबांनी दारात ठेवली नाही. गिअरबॉक्स नुकतीच नव्याने बांधलेली, असे सांगून ती त्यांनी विकली. घेणारा धुळ्याचा एक वकील होता.

हे निंबाला कळले ते धुळ्याच्या तुरुंगात, कानाने. तो आणि वना एकाच मागाच्या खोलीत सतरंज्या विणत. एका रविवारी सकाळी भिंतीपलीकडच्या रस्त्यावरून एक मोटार गेली, आणि दोघांचेही हात एकदम थांबले. दोघांनीही ती बॉक्स उघडली होती. तिचा दुसरा ते ओळखत, तिचा तिसरा ओळखत. गाडीत एक बाई हसत होती. आवाज दक्षिणेकडे, लळिंगच्या घाटाकडे गेला.

निंबाने जेलरला सांगितले. जेलर भला माणूस होता. त्याने पुरते ऐकून घेतले. "तू चोरलेल्या भागामुळे गाडी पडेल, असं मी वकीलसाहेबांना कळवू?" तो म्हणाला. "तुझीच शिक्षा वाढेल रे." आणि दयाबुद्धीने त्याने ते कळवले नाही.

दोघे परत मागावर आले, पण धोटा कोणी उचलला नाही. सावली भिंतीवरून उतरू लागली. नशिराबादला आपला बाप आता ओसरीवर बसला असेल, जिवंत, हे निंबा स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि ते खरे होते, आणि ते पुरत नव्हते.

पुष्कळ वेळाने लळिंगच्या बाजूने आवाज आला. तिसरा गिअर. अजून धरलेला. बाई अजून हसत होती.

वनाने धोटा उचलला. निंबाने उचलला नाही. पुढचा रविवार यायचाच होता.